दुसऱ्या नळीचा आकडा

आमच्या ह्यांना माझ्या सगळ्या भानगडी माहीत होत्या. सासूबाईंच्या लोणच्याच्या बरणीत ओला चमचा कुणी घातला इथपासून ते मी कुणाकुणाशी किती वर्षं अबोला धरला इथपर्यंत — एकूणएक. ही एक सोडून. सदतीस वर्षं संसार केला त्या माणसाबरोबर, शेवटचे सहा महिने त्यांच्या उशाशी बसून काढले, बोलायला दुसरं काही उरलं नव्हतं तेव्हासुद्धा हे तोंडातून निघालं नाही. देवासमोर तरी कुठे बोलले? त्याला ठाऊक असणारच, असं म्हणून गप्प बसायला बरं पडतं.

तशी मी फटकळ. भांडुपच्या चाळीत वाढलेली, नळावर भांडायला मला कुणी शिकवावं लागलं नाही. लोक म्हणतात, शैलाच्या पोटात काही राहत नाही. म्हणू देत! राहिलंय की — इतकी वर्षं राहिलंय, आणि खाई त्याला खवखवे म्हणतात तसं रोज थोडं थोडं खवखवतंय.

कुठून सुरू करू? कामापासूनच करते. तिथे माझी जीभ अडखळत नाही.

ऐंशीचं दशक निम्मं सरलं होतं. मी मुलुंडला एका इस्पितळाच्या लॅबमध्ये टेक्निशियन होते. इस्पितळाचं नाव सांगत नाही, त्यांचा यात दोष नाही. तिथे एक नवी तपासणी सुरू झाली होती. कॅन्सरच्या गाठी रक्तात एक प्रोटीन सोडतात. ऑपरेशन करून गाठ काढली की ते खाली येतं. मग दर तीन महिन्यांनी रक्त काढून बघत राहायचं — खालीच राहिलं तर ठीक, पुन्हा चढायला लागलं तर समजायचं की आत कुठेतरी परत उगवतंय. आमचे सर्जन होते, त्यांना आम्ही नुसतं सर म्हणायचो. त्यांना हे पित्ताशयाच्या कॅन्सरमध्ये करून बघायचं होतं. फार लबाड रोग तो. खडे आहेत म्हणून पोट उघडायचं, पित्ताची पिशवी काढायची, आणि ती पिशवी तपासायला आमच्याकडे आली की काचेखाली भलतंच दिसायचं. आणि काही महिन्यांनी तो परत यायचाच, न सांगता यायचा. सरांना वाटत होतं, हे प्रोटीन आधी सांगेल. पोटाला हात लावून कळायच्या आधी, डोळे पिवळे व्हायच्या आधी. मोजकेच पेशंट होते. त्यांची रक्तं माझ्या हातात.

आता हात म्हणजे काय ते सांगते, कारण सगळं तिथेच आहे. या तपासणीचा डबा परदेशातून यायचा, एकदा फोडला की लवकर संपवावा लागायचा. म्हणून पुरेशी रक्तं जमेपर्यंत आम्ही थांबायचो आणि मग एकदम सगळी लावायचो. प्रत्येक माणसाचं रक्त दोन नळ्यांत. एकात नाही — दोनात. शेवटी नळीच्या तळाशी एक पांढरी कणी बसते, तांदळाच्या चुरीएवढी. वरचं पाणी ओतून टाकायचं, नळ्या टिपकागदावर उपड्या घालायच्या, मग मशीन ती कणी मोजतं. इथे हिशेब उलटा — कणी कमी तर आकडा जास्त; म्हणून ओतताना कणी निसटली तर आकडा खोटाच चढतो. पाणी आत राहिलं तर खोटाच उतरतो. सगळा खेळ मनगटाचा. म्हणून दोन नळ्या — दोघींचं उत्तर एक आलं तर खरं मानायचं. नाही आलं तर वहीत लाल शाईने ‘पुन्हा’ लिहायचं आणि परत लावायचं. आमच्या लॅबप्रमुख पाटणकर मॅडमचा हा नियम होता आणि त्यांच्यासमोर कुणाची टाप नव्हती.

माझा हात चांगला आहे असं सगळे म्हणायचे. मीही म्हणायचे.

आता मालूताई.

बघा, नुसतं नाव लिहिलं तर पाणी पिऊन यावं लागलं. मालूताई आमच्या चाळीत दोन दारं सोडून राहायची. मूळची मालवणची, म्युनिसिपल शाळेत गणित शिकवायची. माझं दहावीचं गणित तिने ओट्याशी बसवून पक्कं करून घेतलं, एका हाताने मासे साफ करत आणि दुसऱ्या हाताने माझ्या पाठीत धपाटा घालत. लॅबच्या कोर्सचा फॉर्म तिने आणला. मुलाखतीला माझ्याबरोबर तीच आली, कारण माझ्या बापाला वाटत होतं की रक्ताबिक्ताचं काम मुलीच्या जातीला कशाला. म्हणजे मी त्या टेबलाशी उभी होते ती तिच्यामुळे. हे लक्षात ठेवा असं मी तुम्हाला सांगत नाही. माझ्याच लक्षात राहायला हवं होतं.

तिची एकुलती एक मुलगी नंदा. माझ्याच वयाची, आम्ही दोघी एका फ्रॉकच्या कापडात वाढलो. नंदाने मढच्या एका ख्रिश्चन मुलाशी रजिस्टर लग्न केलं आणि वर्सोव्याहून होडीत बसून निघून गेली. मालूताईने त्या दिवसापासून तिचं नाव टाकलं. दोन वर्षं झाली होती. चाळीतही नंदाचं नाव कुणी काढत नव्हतं. मीसुद्धा नाही, आणि मी तर तिची जिवाभावाची.

जूनमध्ये शाळा उघडता उघडता मालूताईच्या पोटात दुखायला लागलं. आमच्याच इस्पितळात ऑपरेशन झालं. खडे निघाले. आणि पिशवी आमच्याकडे आली — पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. रिपोर्ट टाइप व्हायच्या आधी मला कळलं होतं. तिचे यजमान, आम्ही त्यांना भाऊ म्हणायचो, लॅबच्या दाराशी आले आणि हात जोडून उभे राहिले. म्हणाले, “शैला, हिला काही कळता कामा नये. खडे होते, काढले, संपलं.” तेव्हा असंच असायचं. ज्याला रोग तो सोडून सगळ्या चाळीला ठाऊक. पेशंट बिचारा आपला मऊ भात खातोय आणि आजूबाजूला सगळे त्याच्याकडे बघून हसताहेत. त्यात कुणाला काही गैर वाटत नव्हतं. जिवाचं धैर्य सुटेल म्हणायचे. मीही मान हलवली.

पण मालूताईला बनवणं सोपं होतं होय? सप्टेंबरमध्ये पहिलं रक्त काढलं — तीन आलं, दोन्ही नळ्यांत तीन, एकदम झकास — आणि त्याच आठवड्यात तिने मला गॅलरीत गाठलं. “काय गो, खड्यांसाठी तीन-तीन महिन्यांनी रक्त कोण काढतं?” मी काहीतरी थापा मारायला लागले. तिने हात वर केला, वर्गात करायची तसा. म्हणाली, भाऊ खोटं बोलतात, डॉक्टर खोटं बोलतो, तुझी आईसुद्धा मला बघून चहात साखर जास्त घालते. तू नको बोलू. “माका फक्त आकडो सांग. बाकीचां मी बघतंय.”

मी सांगितलं. पाचाच्या आत असला तर चांगला. दहाच्या वर गेला तर वाईट. रोगाचं नाव मी घेतलं नाही, तिने विचारलं नाही. आमचं ठरलं. दर वेळी मी तिला आकडा सांगायचा, खरा, आणि ही गोष्ट दोघींतच ठेवायची. अख्ख्या जगात एक माणूस तिने निवडलं होतं जे तिच्याशी खोटं बोलणार नाही. आणि निवड कुणाची केली? माझी.

डिसेंबरमध्ये दुसरं रक्त. तिची शीर सापडत नव्हती, तीन ठिकाणी टोचलं मी. ती दुसरीकडे बघत बोलत होती — नंदाबद्दल. दोन वर्षांत पहिल्यांदा. म्हणाली, जायचं तर आहेच मला मढला. पोरगी आहे माझी, किती दिवस रागावणार? पण अजून थोडं रागावून घेते, कळू दे तिला. मग म्हणाली, तुझा आकडा वाईट आला तर पुढच्या रविवारीच जाईन, थांबणार नाही. चांगला आला तर मग मे महिन्यात. सुट्टी असेल, कुळथाचं पीठ, सोलं, सगळं घेऊन थाटात जाईन, चार दिवस राहीन. जावयाला काय आवडतं ते जरा कुणाकडून काढून ठेव गो.

हे तिने मला सांगितलं. शब्द न् शब्द मला आठवतोय. आठवत नसता तर किती बरं झालं असतं!

डबा फोडला तो जानेवारीत, एका शनिवारी. शनिवार होता हे पक्कं लक्षात आहे, कारण त्या संध्याकाळी मला बघायला यायचे होते. आमचे हेच यायचे होते, त्यांच्या आईला आणि मामांना घेऊन. आईने बजावलं होतं, चारपर्यंत घरी ये, केस धुवायचेत. आता कळलं ना, ह्यांना मी का सांगू शकले नाही? दर वर्षी लग्नाच्या वाढदिवशी ते त्या शनिवारची गोष्ट काढायचे — तू कशी धावतपळत आलीस, बोटाला पट्टी होती, तोंड कसं पांढरं पडलं होतं. त्यांना वाटायचं मी त्यांना बघून घाबरले.

घाईत होते मी. नळ्या उपड्या घातल्या त्या घाईत. झटका जास्त बसला का? टिपकागदावर हवा तेवढा वेळ ठेवल्या का? मला माहीत नाही. आजही नाही. मशीनमधून आकड्यांची पट्टी निघाली, मी ग्राफपेपरवर रेषा काढून एकेकाचं उत्तर वाचायला लागले. सगळ्यांचं जुळत होतं. मालूताईपाशी आले. पहिली नळी — चार. दुसरी नळी — एकोणीस.

चार म्हणजे मे महिना. एकोणीस म्हणजे पुढचा रविवार.

लाल शाईने ‘पुन्हा’ लिहायचं एवढंच होतं. डब्यात चार-पाच नळ्यांचा मसाला शिल्लक होता. तिचं उरलेलं रक्त छोट्या काचेच्या बाटलीत फ्रीजरमध्ये होतं. सोमवारी आल्याआल्या लावलं असतं तर संध्याकाळपर्यंत उत्तर मिळालं असतं. मी लगेच बाटली काढायला गेले, म्हटलं बाजूला काढून, नाव तपासून ठेवते. गार बाटली, ओला हात, नजर घड्याळाकडे — बेसिनमध्ये पडली आणि फुटली. बोट कापलं. मी नळ सोडला आणि सगळं वाहून जाताना बघत उभी राहिले.

मग? मग काय करायला हवं होतं ते तुम्हालाही कळतंय. वही बंद करायची, पाटणकर मॅडमकडे जायचं, म्हणायचं — मॅडम, दोन नळ्या जुळत नाहीत आणि बाटली माझ्या हातून फुटली. मालूताईला म्हणायचं, आणखी एकदा हात पुढे कर. ती दोन दारं सोडून राहत होती हो! दोन दारं! पण गेल्याच महिन्यात नळ्यांचा अख्खा स्टँड माझ्या हातून पडला होता आणि मला मेमो मिळाला होता. नोकरीत मी कायम व्हायचे होते, ऑर्डर सहीला गेली होती. मॅडम म्हणाल्या होत्या, आता एक जरी गोष्ट कानावर आली तर बघ.

हे सगळं मी तेव्हा तोललं, असं नाही. तोलायला वेळ लागतो. मी पेन उचललं आणि वहीत लिहिलं — चार. शेजारच्या रकान्यात पुन्हा चार. खाडाखोड नाही. माझं अक्षर तसं सुरेख. मशीनची पट्टी फाडून बेसिनखालच्या बादलीत टाकली, बोटाला पट्टी बांधली आणि केस धुवायला घरी गेले.

मनाशी म्हणत होते, माझा हात हलला, कणी निसटली, म्हणून एकोणीस आलं. चारच खरं. असेलही! पण तसंच उलटंही असू शकतं — पाणी राहिलं म्हणून चार आलं. दोन्हींतलं कुठलं खरं, हे कळायचा एकच मार्ग होता आणि तो मी नळाखाली धुऊन टाकला होता. त्या एकोणीसवर माझा विश्वास नव्हता असं मी स्वतःला इतकी वर्षं सांगत आलेय. विश्वास नव्हता तर पट्टी का फाडली?

रविवारी सकाळी मी मालूताईकडे गेले. तिला चेहरा वाचता यायचा, म्हणून मी आधीच हसत गेले. म्हटलं, “चार.” तिने पीठ लागलेले दोन्ही हात माझ्या गालांना लावले. “गो बाय माझे!” म्हणाली आणि रडली. तिला मी कधी रडताना पाहिलं नव्हतं, नंदा गेली तेव्हाही नाही. मग डोळे पुसून म्हणाली, चल, म्हणजे मे महिना. आधी पोरांच्या परीक्षा उरकते.

तिथे मला अजून एक संधी होती. काही कबूल करायची गरज नव्हती. नुसतं म्हणायचं — मालूताई, आकडा गेला खड्ड्यात, पुढच्या रविवारीच जाऊ या, मीही येते. नंदा माझीही मैत्रीण होती, कुणाला काही वाटलं नसतं. माझं काय जाणार होतं? एक रविवार. पण मला तिच्यासमोर उभं राहवत नव्हतं. मी म्हटलं, ह्यांच्याकडून होकार येणारसं दिसतंय. ती आनंदाने ओरडली आणि विषय बदलला. वेळ मारून नेली मी.

फेब्रुवारीत तिची भूक गेली. मार्चमध्ये ब्लाउज अंगावर लोंबायला लागले. भाऊ म्हणायचे, सरांना दाखवून येऊ. ती म्हणायची, काही नको, पेपर तपासायची दगदग आहे, मार्चचं रक्तही नंतर देईन, माझं रक्त चांगलं आहे. कुठून कळलं तुला, असं भाऊंनी विचारलं तर हसायची. एकदा भाऊ चाळीच्या जिन्यात मला थांबवून म्हणाले, “शैला, खरंच ठीक होतं ना गं रक्त?” मी म्हटलं, हो भाऊ. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

सगळी चाळ तिच्याशी खोटं बोलत होती, पण तिच्या मायेपोटी. माझं खोटं माझ्या नोकरीपोटी होतं. दोन्ही एकाच तव्यावर भाजू नका.

एप्रिलमध्ये डोळे पिवळे झाले. तिसरं रक्त मी काढलं. या वेळी दोन्ही नळ्या जुळल्या — माझ्या ग्राफपेपरवरची रेषा संपायची, त्याच्याही पुढे. मालूताई वॉर्डात होती. मी संध्याकाळी गेले, तिच्या पायाशी बसले. ती माझ्याकडे बघत राहिली. खूप वेळ. मला वाटलं आता विचारेल, किती आला? तिने विचारलंच नाही. गणिताची बाई ती. तीन, चार, आणि मग हे पिवळे डोळे — मधलं पाऊल गाळलंय, हे तिला दिसलं नसेल? की तिला माझ्यावर शेवटपर्यंत भरवसा होता? यातलं कुठलं जास्त वाईट, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. काही काही दिवशी स्वयंपाक करता करता मधेच तिची ती नजर समोर येते आणि गॅस बंद करून मी नुसती उभी राहते.

भाऊंनी मढला तार केली. नंदा आली तेव्हा मालूताई दोन दिवसांपासून शुद्धीवर नव्हती. नंदा आई आई म्हणून हाका मारत राहिली. एप्रिल संपायच्या आत सगळं संपलं. शाळेला सुट्टी लागायला आठवडा होता.

पुढे सरांनी इस्पितळाच्या मीटिंगमध्ये तक्ता लावला. त्यात मालूताईची रेष होती — तीन, चार, आणि मग एकदम भिंतीसारखी उभी. सर म्हणाले, बघा, हे प्रोटीन आपल्याला आधी काहीच सांगत नाही, पोटाला हात लावून जेवढं कळतं तेवढंच ते सांगतं. त्या बाईंचा आलेख स्पष्ट आहे. आणि त्या पेशंटांची रक्तं पाठवणं त्यांनी बंद केलं. मी मागच्या खुर्चीवर होते. मला कायमची ऑर्डर मिळून दोन महिने झाले होते. त्यानंतर किती जणांचं रक्त तपासायचं राहिलं, त्यात कुणाचं काय चढत होतं — मला माहीत नाही, आणि मी माहीत करून घेतलं नाही.

बऱ्याच वर्षांनी मी सरांना आडून विचारलं होतं. आधी कळलं असतं तर काय केलं असतं हो तुम्ही अशा पेशंटचं? ते म्हणाले, कदाचित पोट पुन्हा उघडलं असतं, कदाचित नसतं. वाचवलं असतं असं काही सांगता येत नाही, तो रोगच तसा. त्या वाक्यावर मी पुष्कळ दिवस काढले. म्हणजे मी तिचा जीव घेतला नाही, हो ना? कुठल्याही शहाण्या माणसाला सांगितलं तर तो हेच म्हणेल, आणि माझ्या पाठीवर हात ठेवेल. म्हणून तर मी शहाण्या माणसांना सांगितलं नाही.

कारण जीव हा हिशेबच नव्हता. तिने माझ्याकडे जीव मागितला नव्हता, आकडा मागितला होता. जानेवारी ते एप्रिल — बारा-तेरा रविवार. त्यातला एक तिला पुरला असता.

आणि आता जे राहिलंय ते सांगते. एवढा वेळ मी नळ्या आणि बाटल्या सांगत बसले ते त्यापासून लांब राहायलाच. वहीतला खोटा आकडा हा माझा गुन्हा, हे मला कबूल करता येतं. बघा, केलं की नाही? पण तेव्हा मी घाबरलेली, घाईतली पोरगी होते असं तुम्ही म्हणू शकता. हे पुढचं केलं तेव्हा मला घाई नव्हती.

जूनमध्ये नंदा लॅबमध्ये आली. आईचे काही कागद न्यायला आली होती. आम्ही मागच्या पॅसेजमध्ये उभ्या राहिलो. तिला दिवस गेले होते, पाय सुजले होते, बसायला म्हटलं तर बसेना. इकडचं तिकडचं बोलली. मग तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं — लहानपणापासूनची सवय तिची — आणि म्हणाली, “शैला, तू तर रोज तिच्याजवळ होतीस. आईने कधी माझं नाव काढलं होतं का गं?”

माझ्या तोंडाशी सगळं आलं होतं. कुळथाचं पीठ, सोलं, जावयाला काय आवडतं ते काढून ठेव. थाटात जाईन म्हणालेली. पण ते सांगितलं की ती विचारणार, मग आली का नाही? मे महिन्यात येणार होती म्हटलं की विचारणार, एवढी आजारी असून मे महिन्याची वाट का बघत बसली? तिला कुणी सांगितलं वेळ आहे म्हणून? एकेक पायरी उतरत ती माझ्या वहीपर्यंत पोचली असती. तीही गणिताच्या बाईचीच मुलगी.

मी म्हटलं, “नाही गं. माझ्यापाशी तरी नाही.”

तिने ओढणी सोडली, पुन्हा गुंडाळली. मग म्हणाली, “म्हणजे रागातच गेली.”

मी नाही म्हटलं नाही.

नंदा अजून मढलाच असते. तिच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका मला आली होती, मी गेले नाही. कुणाकडून तरी कळलं, तिने घरात आईचा फोटो लावलेला नाही. म्हणते, तिला आवडलं नसतं.

त्या दिवशी पॅसेजमध्ये ती उभीच राहिली, मी आणखी काहीतरी बोलेन म्हणून. माझ्या तोंडाकडे बघत होती. मी घड्याळाकडे बघितलं आणि म्हटलं, नंदा, मला जायला हवं, मशीन लावून आलेय. ती म्हणाली, हो हो, जा तू, तुझं काम खोळंबेल. आणि जिना उतरायला लागली, कठड्याला धरून, एकेक पायरी.

मशीन त्या दिवशी बंद होतं.